प्लास्टिकच्या हरणाचा खटला

व्हर्लीन स्टिडम त्या सोमवारी कोर्टात गेली ती पिकअपच्या नंबरपट्टीवर लावायचा यंदाचा शिक्का घ्यायला. तेवढंच काम होतं. शिक्का मिळाला, पर्समध्ये गेला, आणि तिथूनच ती घरी परतली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण शिक्क्याच्या खिडकीसमोर खटल्यांची खिडकी होती, तिच्यामागे ग्लेना बसलेली होती, आणि व्हर्लीनच्या मनात आलं, आलेच आहे तर विचारून घेते.

(आलेच आहे तर. या तीन शब्दांनी आमच्या खोऱ्यात जेवढी घरं हलली असतील तेवढी पुरानंही हलली नाहीत.)

"ग्लेना, किरकोळ गुन्हा किती वर्षं राहतो गं कागदावर?"

ग्लेनानं चष्मा कपाळावर चढवला. दोघी एका वर्गातल्या. चौथीत असताना व्हर्लीननं तिची वेणी बाकाला बांधली होती, आणि ते कुठेही न लिहिता ग्लेनाच्या पक्कं लक्षात होतं.

"कुणाचा?"

"कुणाचा का असेना. किती वर्षं?"

"मरेपर्यंत. मेल्यावरही राहतो, फक्त कुणी विचारायला येत नाही. आपण होऊन अर्ज केला, जजनं पुसायचा हुकूम दिला, तरच जातो. तुझ्या हॉबर्टचा आहे ना? हरणाचा?"

व्हर्लीननं मान डोलावली. तिची लेक टॅमी उन्हाळ्यापासून व्यसनमुक्तीच्या घरात होती. नशेच्या गोळ्यांनी आमच्या भागात कुणाचं घर सोडलं नाही, त्यावर जास्त बोलायला नको. टॅमीची मुलगी जोसी सहा वर्षांची. व्हर्लीनला मामॉ, म्हणजे आजी, म्हणणारी जगात तेवढी एकच. ती दोन डोंगरांपलीकडे, सरकारनं नेमून दिलेल्या अनोळखी माणसांच्या घरी झोपत होती. माणसं चांगली होती. पण ती जोसीला रात्री डाव्या कुशीवर निजवत होती, आणि जोसीला उजव्या कुशीवर झोप लागते हे त्यांना कोण सांगणार.

जोसीला आजी-आजोबांकडे द्यायचं की नाही हे बालकल्याणची मिस व्हिटेकर ठरवणार होती. ती घर बघून गेली होती. जिन्याला कठडा आहे का बघितलं, फ्रिज उघडून बघितला, हॉबर्टला हसून बघायला सांगितलं (हॉबर्टला ते जमलं नाही). आता फक्त दोघांची नावं पोलिसांच्या यंत्रात घालून बघायची बाकी होती. व्हर्लीनला धास्ती होती ती त्याचीच. हॉबर्टच्या चुलत बहिणीनं असाच नातू घरी आणला होता. मागं काही गुन्हा आहे का म्हणून विचारलं, तिनं नाही सांगितलं. आठ महिन्यांनी कुठूनसा एक जुना कागद वर आला आणि पोराला अंगणातून, खेळता खेळता उचलून नेलं. व्हर्लीननं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. पोराच्या एकाच पायात बूट होता.

"बघ यंत्रात," व्हर्लीन म्हणाली.

ग्लेनानं बोटं चालवली. मग पुन्हा चालवली.

"काही नाही."

"नीट बघ."

"अगं, हॉबर्ट स्टिडम, कोरा. त्या सालची खोकी तळघरात होती. पूर आला तेव्हा लगदा झाला सगळ्याचा, आम्ही फावड्यानं काढला. तुझा नवरा वाहून गेला व्हर्लीन. घरी जा."

शहाणी बाई असती तर चर्चमध्ये जाऊन देवाचे आभार मानून घरी गेली असती. व्हर्लीन खिडकीवर दोन्ही कोपरं टेकून उभी राहिली.

"राजधानीत दुसरी प्रत असेल तर?"

"असेलही. नसेलही."

"आणि ती आठ महिन्यांनी वर आली तर?"

ग्लेनानं खांदे उडवले.

"मग पुसून टाक. कायमचा."

"काय पुसू? पुसायला आधी असायला हवा ना? नाही त्या खटल्याला जज काय पुसणार, टेबल?"

"मग आधी लिही. मग पूस."

इथं ग्लेनानं तिला दोनदा समजावलं, हे मी तिच्या बाजूनं सांगते, कारण नंतर सगळ्यांनी तिलाच बोल लावला. पण व्हर्लीन स्टिडमला समजावणं म्हणजे खेचराला मागं ढकलणं. तिनं तिथूनच हॉबर्टला फोन लावला आणि सही करायला बोलावून घेतला.

हॉबर्ट आला. खाणीत तीस वर्षं घालवलेला माणूस, पाठीनं वाकडा, बोलण्यात काटकसरी. त्यानं टोपी काढून हातात धरली.

"व्हर्लीन, नाहीये तर नाहीये. कशाला उकरतेस?"

"जोसीसाठी."

"मला कळतं जोसीसाठी. पण गेलं ना ते वाहून. जाऊ दे."

"गुन्हा कुणी केला?"

हॉबर्टनं तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "मी केला."

"मग सही कर."

त्यानं सही केली. ग्लेनानं यंत्रात भरलं. हॉबर्ट स्टिडम, सार्वजनिक रस्त्यावरून, वाहनातून, बंदूक झाडून हरणाची बेकायदा शिकार करण्याचा प्रयत्न, गुन्हा कबूल. तारखेच्या जागी तिनं जुनं साल घातलं. यंत्रानं ते घेतलं नाही. यंत्र इतक्या मागं जातच नव्हतं. तिनं तीनदा घातलं, तीनदा ते लाल झालं, आणि चौथ्या वेळी यंत्रानं आपल्या मनानं तारीख घातली. आजची.

"हे काय?" व्हर्लीननं विचारलं.

"काही नाही. पुढच्या मंगळवारी जज येतात, पुसून टाकतील. तेवढ्यापुरतं आहे."

तेवढ्यापुरतं तीनच दिवस टिकलं. गुरुवारी मिस व्हिटेकरनं यंत्रात नावं घातली.

तिचा फोन आला तेव्हा व्हर्लीन घेवडा शिजवत होती. मिस व्हिटेकर फार हळू बोलायची, वाईट बातमी असली की आणखी हळू. "मिसेस स्टिडम, मी तुमच्या घरी येऊन गेल्यानंतर, या सोमवारी, तुमच्या यजमानांनी चालत्या गाडीतून बंदूक झाडली असं दिसतंय."

"चालती नव्हती. उभी होती. आणि सोमवारी नव्हे, एक्क्याण्णव साली."

"इथं सोमवार आहे."

"सोमवारी तो माझ्यासमोर कोर्टात सही करत होता."

"हो, गुन्हा कबूल केल्याची. तीही दिसतेय." ती थांबली. "शनिवारी मी जोसीला आणणार होते. ते आता थांबवावं लागेल. तिला मी अजून काही सांगितलं नाही."

व्हर्लीननं फोन ठेवला. घेवडा तळाला लागला होता. हॉबर्ट दारात उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं, आणि तो 'मी सांगत होतो' असं म्हणाला नाही. चाळीस वर्षांच्या संसारात व्हर्लीननं त्याला अनेक गोष्टींसाठी माफ केलं होतं, पण तो ते म्हणाला नाही याचा तिला सगळ्यात जास्त राग आला.

आता मूळ प्रकार सांगते, म्हणजे गोंधळ नको.

त्या साली खाण बंद होती. नोव्हेंबर. टॅमी पोटात, आठवा महिना, आणि घरात घेवडा आणि मक्याचा पाव याशिवाय काही नाही. व्हर्लीनला हरणाचं काळीज खायची ओढ लागली होती. साधी नव्हे, रात्री उठून रडावं अशी. संध्याकाळी दोघं पिकअपमधून ओढ्याच्या रस्त्यानं येत होते, आणि वळणावर, कुंपणापलीकडे, मोठ्या शिंगांचा नर उभा. मान वळवून त्यांच्याकडे बघत होता. रस्त्यावरून बार काढायला बंदी आहे हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. खिडकीची काच खाली झाली. बार झाला. हरीण हललं नाही. फक्त मान दुसऱ्या बाजूला वळवली. पुन्हा बार झाला. त्यानं शेपूट हलवलं. असे चार बार झाले, आणि मग झुडपामागून व्हर्जिल नेपियर उठून उभा राहिला, तेव्हाचा जंगलखात्याचा वॉर्डन, हातात खेळण्याच्या मोटारीचा रिमोट असतो तसला डबा, आणि शांतपणे म्हणाला, "हॉबर्ट, अजून आहेत का गोळ्या, की मी घरी जाऊ?"

हरीण प्लास्टिकचं होतं. वर खरं कातडं, आत मोटर. त्या हंगामात त्यानं अर्धं खोरं पकडून दिलं होतं, आमच्या पास्टरसकट.

तर हा प्रकार सोमवारचा नसून तेव्हाचा आहे हे सांगू शकणारा जगात एकच माणूस उरला होता. शुक्रवारी सकाळी व्हर्लीन व्हर्जिलच्या घरी जाऊन धडकली. तो आता ऐंशीच्या घरात होता, ओसरीवर बसून टोमॅटोच्या जुन्या काठ्यांच्या गाठी सोडवत होता.

"मंगळवारी कोर्टात यायचंय. साक्षीला."

व्हर्जिलनं सगळं ऐकून घेतलं. काठ्या बाजूला ठेवल्या.

"काय सांगायचं म्हणतेस?"

"घडलं ते. सगळं."

"सगळं?"

"एक शब्द गाळायचा नाही. जजच्या मनात तसूभर शंका राहिली तर माझी नात त्या डोंगरापलीकडे राहील. कळलं?"

"शपथ घ्यावी लागेल?"

"लागेल."

व्हर्जिलनं मान हलवली, बराच वेळ, जसं ते हरीण हलवायचं. "बघ हं व्हर्लीन," तो म्हणाला. "मी म्हातारा झालोय, पण मला आठवतं. हरीण पण आहे माझ्याकडे. खात्यानं मोडीत काढलं तेव्हा मी मागून घेतलं."

"तेही आण," व्हर्लीन म्हणाली.

घरी येऊन तिनं हॉबर्टला सांगितलं. हॉबर्टनं कप बशीत ठेवला. "व्हर्जिल सगळं सांगणार?"

"सगळं."

"व्हर्लीन, तू नीट आठव एकदा."

"मला काय आठवायचंय? मी तिथंच होते."

"तेच म्हणतोय," हॉबर्ट म्हणाला, आणि कोंबड्यांना दाणे घालायला गेला. दाणे सकाळीच घातलेले होते.

मंगळवारी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. ग्लेना कुणाला काही बोलली नव्हती, ती शपथेवर सांगते, पण तिची बहीण केस कापते आणि केस कापताना माणूस गप्प राहील कसा. मिस व्हिटेकर शेवटच्या बाकावर, मांडीवर फाइल.

आधी हरीण दारातच अडलं. हत्यार तपासायच्या चौकटीतून व्हर्जिलनं ते घोंगडीत गुंडाळून, लग्नातली नवरी उचलावी तसं उचलून आणलं, आणि चौकट बोंबलायला लागली. शिपायानं नियमाप्रमाणे ते बाजूला घेतलं. पोटाखालून, पायांमधून, शेपटीखालून दांडी फिरवली. शेपटीपाशी ती वाजली. "मोटर आहे," व्हर्जिल म्हणाला. शिपायानं वहीत लिहिलं, मोटर, आणि हरणाला आत सोडलं. कुणी हसलं नाही. जज हॅल्कम यांच्या कोर्टात हसायची पद्धत नाही.

हरीण जजसाहेबांसमोर उभं केलं. एक शिंग गेलं होतं, कातडं गुडघ्यांवर झिजलं होतं. मी सांगते, त्या खोलीतली अर्धी माणसं त्याच्या नजरेला नजर देत नव्हती. पास्टर तर छताकडे बघत होते.

"हे चालतं अजून?" जजसाहेबांनी विचारलं.

व्हर्जिलनं डब्याचं बटण दाबलं. हरणानं हळूच मान वळवली आणि थेट हॉबर्टकडे बघितलं. हॉबर्टनं टोपी काढली.

"साक्षीदार, घडलं ते सांगा."

व्हर्जिलनं साल सांगितलं, महिना सांगितला, खाण बंद होती ते सांगितलं. व्हर्लीन बाकाला पाठ टेकून बसली. मग तो म्हणाला, "पहिले तीन बार हॉबर्टच्या खिडकीतून आले. एक चिखलात गेला. एक कुंपणाच्या खांबात. तिसरा कुठं गेला ते मला आजवर सापडलेलं नाही, आणि मी शोधलंय."

बाकांवर थोडी हालचाल झाली. हॉबर्ट तीस वर्षं सांगत आला होता की चारही बार वर्मी लागले, हरीण प्लास्टिकचं म्हणून पडलं नाही.

"मग?"

"मग गाडीच्या आतून आवाज आला."

"काय आवाज?"

"तसाच्या तसा सांगू, जजसाहेब?"

"तुम्ही शपथ घेतली आहे."

व्हर्जिलनं घसा साफ केला. कुठंही जोर न देता, बायबल वाचावं तसं तो म्हणाला, "'आण इकडं ती, आंधळ्या. तुझ्या नेमाच्या भरवशावर माझं पोर पोटातच उपाशी मरायचं.' आणि चौथा बार झाला. हा." त्यानं हरणाच्या खांद्यामागं बोट घातलं. बोट पेरापर्यंत आत गेलं. "खरं असतं तर जागच्या जागी बसलं असतं. मी नोकरीत असताना याहून चांगला बार पाहिला नाही."

कोर्टात एवढं शांत झालं की हरणाची मोटर ऐकू येत होती.

"मी दंडाची चिठ्ठी फाडायला गाडीपाशी गेलो," व्हर्जिल पुढे सांगत होता. "ती आठ महिन्यांची पोटुशी, बंदूक अजून तिच्याच हातात. मी हॉबर्टला विचारलं, नाव कुणाचं लिहू. तो म्हणाला, माझं. मी त्याचं लिहिलं."

बंदुकीचा दणका व्हर्लीनच्या उजव्या खांद्याला आत्ता, बाकावर बसल्या बसल्या, जाणवला. खोटं ती बोलली नव्हती. हॉबर्टच्या तोंडून चार बार, चार बार ऐकता ऐकता तिलाही ते चारही त्याचेच आठवायला लागले होते. तिनं शेजारी बघितलं. हॉबर्ट आपल्या टोपीच्या आत काहीतरी वाचत होता. टोपीच्या आत काही लिहिलेलं नव्हतं.

जजसाहेबांनी हुकूम सांगितला. गुन्हा जुना आहे, तारीख यंत्राची चूक आहे, नोंद पुसली जावी. "मिस्टर स्टिडम, आजपासून ही घटना कायद्याच्या लेखी घडलेलीच नाही. कुणीही विचारलं तर नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे."

हॉबर्ट उभा राहिला. "ते तीन चुकलेले बार पण नाही झाले?"

"तेही नाही झाले."

हॉबर्ट हसला. मिस व्हिटेकरला, ती घर बघायला आली तेव्हा, हवं होतं तसं. आता उपयोग काय.

तेवढ्यात व्हर्लीन उठली. "माझाही पुसा."

"बाई, तुमच्यावर खटला कधी झालाच नाही."

"मग आता करा. आणि मग पुसा."

"मुदत केव्हाच संपली. आता करता येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या नावावर काही नाही. जे लिहिलंच नाही ते मी पुसणार कसं?"

"इथं एवढ्या लोकांनी ऐकलंय. हे मग किती वर्षं राहणार?"

जजसाहेबांनी भरलेल्या बाकांवरून नजर फिरवली. सगळं खोरं होतं तिथं. "त्याला मुदत नाही," ते म्हणाले आणि पुढचा खटला पुकारला.

पायऱ्यांवर मिस व्हिटेकर वाट बघत होती. जोसीचा अंथरुणातला उजवीकडे वळलेला चेहरा व्हर्लीनच्या डोळ्यांसमोर आला, आणि एका पायात बूट असलेलं ते पोरही.

"मिसेस स्टिडम. बार तुम्ही काढला होता?"

"हो."

"का?"

"भूक लागली होती. पोटात टॅमी होती." तिनं पर्स काखेत घट्ट धरली. "तेव्हा वाटलं होतं, आत्ता खायला मिळालं की झालं, पुढं तिला काही कमी पडायचं नाही."

मिस व्हिटेकरनं पेन काढलं. "बंदूक कुठं असते आता?"

"कुलपात. किल्ली माझ्या गळ्यात."

"मिस्टर स्टिडमकडे नाही?"

"त्याच्याकडे दिली असती तरी कुणाला काही झालं नसतं. आता सगळ्यांना माहीत झालंय."

मिस व्हिटेकरनं फाइल मिटली. "खरं सांगू का? तारीख त्या सोमवारची म्हणून थांबवावं लागलं. एवढी जुनी शिकारीची भानगड आम्ही धरतच नाही. पहिल्याच दिवशी तुम्ही मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं." ती गाडीकडे वळली. "शनिवारी आणते तिला."

शनिवारी जोसी आली. तिचे कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरलेले होते, आणि ती पिशवी व्हर्लीननं दाराबाहेरच रिकामी करून जाळली. पोरगी उशी छातीशी धरून उभी राहिली, कुणाशी बोलत नव्हती. कुणालाच हात लावत नव्हती. मग तिला ओसरीवर हरीण दिसलं. व्हर्जिलनं आणून ठेवलं होतं, डब्यासकट. तिनं बटण दाबलं, हरणानं मान वळवून तिच्याकडे बघितलं, आणि दोन डोंगरांपलीकडून आल्यापासून पहिल्यांदा जोसीनं हातातली उशी खाली ठेवली. तिनं हरणाच्या पाठीवरून हात फिरवला. खांद्यामागचं भोक तिला सापडलं. तिनं त्यात बोट घातलं.

"पापॉ," ती म्हणाली, "याला कुणी मारलं?"

हॉबर्टनं कॉफीचा कप खाली ठेवला. चेहरा जज हॅल्कम यांच्यासारखा केला.

"कायद्यानं मला यातलं काहीच माहीत नाही, बाळा," तो म्हणाला. "मामॉला विचार."